तिघं एकाच गाडीतून उतरले

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि लाजून तर मुळीच नाही. गॅसचा सिलिंडर आला की मी तो काट्याला लटकवून बघतो. पेट्रोल भरताना गाडीतून उतरून मशीनसमोर उभा राहतो. दूधवाल्याला तर इतकं छळलं, की त्याने आमच्या घरापुरती वेगळी किटली ठेवली, आणि मग मला त्या वेगळ्या किटलीचाच संशय येऊ लागला. बायको म्हणते, "तुमी देवाच्या परसादातबी काय घातलं हाय ते इचारसान." विचारीन. त्यात वाईट काय आहे?

अकोल्याच्या एमआयडीसीत माझा कारखाना आहे. वडिलांनी सुरू केला तेव्हा तिथे डाळ मिलची यंत्रं बनायची. त्याच शेडमध्ये मी आता जहाजांचे दरवाजे बनवतो. अकोल्यात जहाजाचे दरवाजे म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग हा फेकतो की काय म्हणून माझ्या तोंडाकडे बघतात. पण खरंच बनवतो. जाड पोलादी दार, कडेने रबर, चहूबाजूंनी आवळायच्या कड्या. जहाजाच्या एका भागात पाणी शिरलं तर ते शेजारच्या भागात जाऊ नये, एवढंच त्या दाराचं काम. दार एकदा ट्रकवर चढलं की पुन्हा माझ्या नजरेला पडत नाही. समुद्र मी आयुष्यात मोजक्याच वेळा पाहिला आहे.

या धंद्यात माझ्या डोक्यावर तीन साहेब. पहिला जहाज बांधणारा, म्हणजे यार्ड. दुसरा जहाजाचा मालक. आणि तिसरी ती संस्था, जी जहाज समुद्रात जाण्याजोगं आहे की नाही ते तपासून दाखला देते. तिला आम्ही नुसतं 'क्लास' म्हणतो. क्लासचा सर्व्हेअर येतो, दार तपासतो, आणि पसंत पडलं तर चौकटीच्या कोपऱ्यात हातोडीने शिक्का ठोकतो. तो शिक्का नसेल तर दार म्हणजे नुसतं लोखंड, कुठलंही यार्ड ते घेत नाही. माझा सगळा कारखाना त्या एका शिक्क्यावर उभा होता. तो गेला असता तर गोडाऊनची शटरं आणि बंगल्यांची गेटं बनवत बसायचं, दुसरं काय.

वर्षानुवर्षं या तिघांचं आपसात जमत नव्हतं. यार्डला एका जातीचं रबर हवं, मालकाला दुसऱ्या. क्लास म्हणे पाण्याचा फवारा इतक्या अंतरावरून मारा, यार्ड म्हणे तितक्या. एकच दार मी तीन तऱ्हांनी तपासून द्यायचो आणि तिघांनाही मनातल्या मनात शिव्या घालायचो. पण आतून बरंही वाटायचं. तिघं एकमेकांवर डोळा ठेवून आहेत, तोवर माझ्यावर कोणी एकटा दादागिरी करणार नाही, असा माझा हिशेब होता.

आणि एका उन्हाळ्यात निरोप आला, की तिघं आता एकत्र बसले आहेत. दरवाज्यांसाठी सगळ्यांचा मिळून एकच नियम ठरतोय. एक दार, एक तपासणी. त्याआधी ज्यांची दारं घ्यायची ते कारखाने तिघं मिळून पाहणार आहेत. माझ्या काही दारांच्या रंगाला फोड आले आहेत, रबर जिथे टेकतं ती कड गंजली आहे, त्याबद्दलही बोलायचं आहे. पुढच्या आठवड्यात येतो.

मला सरळ दिसत होतं, की कुठल्यातरी बड्या कंपनीला सगळी दारं द्यायची ठरली आहेत, आणि आमच्यासारख्यांना गचांडी देण्याआधी कारण शोधायला हे येत आहेत. कुठेतरी पाणी मुरत होतं.

रविवारी अमरावती गाठली. बायकोचा भाऊ तिथे वकील आहे. त्याला संशय हा धंद्याचा भाग म्हणून लागतो, मला तो फुकटचा आहे, म्हणून आमचं जमतं. त्याने गिला वडा मागवला, दही ओतलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि चमचा खाली ठेवला.

"जवाईबापू," तो म्हणाला, "बनवनारा, घेनारा अन् तपासनारा, तिघं एका बाकावर बसले, तर याले आमच्याकडं संगनमत म्हन्तात."

"तेच तं मी म्हनून राह्यलो."

"मंग एक ध्यानात ठेवा. इचारलं तेवढंच सांगा. आपल्या तोंडानं एक शब्द जास्त नाई. अन् ते आपसात काय बोलतात त्याच्यावर कान ठेवा."

मला हा सल्ला फार आवडला. परतीच्या वाटेवर बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असं एकेक मागे पडत होतं आणि मी गाडीत बसून एका शब्दाची उत्तरं पाठ करत होतो.

ते आले त्या दिवशी मी ऑफिसच्या खिडकीत उभा होतो. अमरावतीला आता विमान उतरतं, तिथून ते गाडी करून येणार होते. मी तीन गाड्यांची वाट बघत होतो, आली एकच. तिच्यातून यार्डचा माणूस उतरला, मालकाचा माणूस उतरला, आणि मागच्या सीटवरून क्लासची सर्व्हेअर. वर तिघांच्या हातात मिळून एकच पिशवी, कुठेतरी थांबून घेतलेल्या संत्र्याच्या बर्फीची. यार्डवाल्याने डबा उघडून सर्व्हेअरपुढे धरला, तिने एक तुकडा उचलला, आणि तिघं हसले. ज्यांनी एकमेकांना पकडायचं ते एका डब्यातून बर्फी खातात, हे पाहून माझं डोकंच फिरलं.

आता पाण्याचं सांगायला हवं. आमच्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. जमिनीत कितीही खोल जा, वर येतं ते खारं. त्याने साबणाला फेस येत नाही, आणि चहा केला तर तो चहा आहे हे सांगावं लागतं. नळ येतो तो त्याच्या मर्जीने. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे, ती कोणी कोणाला शिकवत नाही. घरात गोडं पाणी असेल नसेल, पाहुण्यापुरतं बाजूला झाकून ठेवायचं. घरच्यांनी खाऱ्यावर भागवावं, दारात आलेल्याला मात्र गोडंच मिळावं. कारखान्यातही ऑफिसात गोड्या पाण्याची कॅन असते, ती फक्त आल्यागेल्यासाठी. कारागीर आपापल्या घरून बाटल्या आणतात. इतक्या वर्षांत आलेल्या प्रत्येक सर्व्हेअरने त्या कॅनमधलंच पाणी प्यायलं आहे.

त्या दिवशी मी बायकोला म्हणालो, "आज कॅन काढू नको. बोअरचं दे."

ती ऑफिसचं काम बघते. तिने मान वर केली. "अवो, पाव्हन्याले खारं पानी?"

"पाव्हने नाईत ते. बोळवन कराले आले आपली."

"मी नाई देत," ती म्हणाली आणि परत कॉम्प्युटरकडे वळली.

मग मीच ट्रे घेऊन मागच्या नळावर गेलो आणि तीन ग्लास भरून आणले. इतका हलकेपणा मी कधी केला नव्हता. पण खरं सांगतो, ग्लास भरताना मला समाधान वाटत होतं.

तिघं बसले. यार्डचा माणूस गुजरातेतल्या कुठल्याशा बंदरावरचा, हिंदी बोलणारा. मालकाचा माणूस कोकणातला, पूर्वी जहाजावर चीफ इंजिनियर होता, आता मालकाची जहाजं ठीक आहेत की नाही ते बघतो. सर्व्हेअर तिशीची, शिक्का मारायला याआधीही येऊन गेलेली, पण कामापुरतंच बोलणारी. ती इतरांशी पुस्तकी मराठीत बोलत होती, पण आज माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, मी मोर्शीची. आपल्याकडचीच." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी आणखी सावध झालो. आपल्या बोलीत बोलणारा माणूस काही काढून घ्यायला आलेला असतो, हा माझा अनुभव आहे.

त्यांनी विचारायला सुरुवात केली. पत्रा कोणाचा? अमक्याचा. पत्र्यावरचा गंज उडवायचं ब्लास्टिंग कुठे करता? इथेच. प्राइमर? सांगितला. वकिलाच्या सल्ल्याप्रमाणे मी मोजून मापून बोलत होतो आणि मधूनमधून तिघांच्या डोळ्यांकडे बघत होतो, इशारे चालले आहेत का म्हणून. बाहेर शेडमध्ये गेलो. तिने दाराच्या चौकटीच्या कडेला खडू घासला, दार आवळायला लावलं, उघडलं आणि रबरावर उमटलेली पांढरी रेघ बोट फिरवत पाहिली. रेघ कुठे तुटली नव्हती. फवारा मारला तर पलीकडे थेंब नाही. दारात खोट नव्हती, आणि हे तिघंही मान्य करत होते. याचंच मला भय वाटत होतं. खोट सापडली असती तर ती भरून काढता आली असती. दार चांगलं असून नकार आला, तर तो कशाने भरून काढणार?

पुन्हा ऑफिसात येऊन बसलो. ऊन मी म्हणत होतं, तिघांचे घसे सुकले होते. त्यांनी ग्लास उचलले.

यार्डच्या माणसाने एक घोट घेतला आणि ग्लास हळूच टेबलावर ठेवला. कोकणातल्या इंजिनियरने सगळा ग्लास संपवला. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, आणि मला वाटलं, हा मुरलेला आहे. मोर्शीच्या पोरीने एक घोट घेतला, मग दुसरा घेतला आणि तो तोंडातच धरून माझ्याकडे पाहिलं. गिळून म्हणाली,

"काका, हे पानी कुठचं?"

"बोअरचं."

"आतापर्यंत आमाले कायचं देत होते?"

बायको कॉम्प्युटरमागून म्हणाली, "कॅनचं देतो, बाई. आज यायचं डोकं फिरलं."

माझे कान तापले. पण ती पोरगी पाहुणचाराबद्दल विचारतच नव्हती.

"अन् दारं कोनत्या पान्यानं तपासता?"

विचारलं तेवढंच सांगायचं होतं, आणि विचारलं हेच होतं. "त्याच," मी म्हणालो. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, तसा मला जोर चढला. "काऊन? त्याच्यात काय झालं? जहाजाचं दार हाय. आयुष्यभर खाऱ्या पान्यातच राहाचं हाय त्याले. अन् गोडं पानी आमाले प्याले भेटत नाई, लोखंडाले कुठून पाजू?"

हे मी अगदी मनापासून म्हटलं. इथल्या कुठल्याही माणसाने असाच विचार केला असता.

मग यार्डचा माणूस सावकाश बोलला. "मॅडम, जो दरवाज़े बारिश से पहले आते हैं ना, वही। बारिश के बाद वालों में कुछ नहीं।" इंजिनियर म्हणाला की गंजलेली दारं सगळी त्याच लॉटमधली आहेत, ते त्याला जहाजावर दिसत होतं, पण ती कारखान्यातून कधी निघाली ते त्याला माहीत नव्हतं. तपासणी कधी झाली ते फक्त क्लासला माहीत. तिघांनी मिळून एवढं आधीच शोधून काढलं होतं, की माझं उन्हाळ्यातलं दार खराब निघतं आणि पावसाळ्यातलं टिकतं. का, ते कळत नव्हतं. म्हणून ते आले होते.

पावसाळ्यात माझ्या शेडच्या पत्र्यावरचं पाणी टाक्यात साठतं. तेव्हा मी त्याच पाण्याने फवारा मारतो, बोअरची मोटर चालवायची गरज पडत नाही. यात मला कधी काही विशेष वाटलं नव्हतं.

सर्व्हेअर उठून शेडमध्ये गेली. आदल्या दिवशी तपासून वाळत ठेवलेलं एक दार होतं, अजून रंग न लावलेलं. तिने त्याच्या कडेवर बोट फिरवलं आणि बोट इंजिनियरपुढे धरलं. बोटावर पांढरी भुकटी होती. ती भुकटी मी रोज बघतो. आम्ही ती फडक्याने पुसतो आणि रंग मारतो.

"रंगाच्या खाली मीठ गाडून धाडून राह्यले तुमी," ती म्हणाली. "वरून समुद्राचं मीठ लागलं तं रंग सांभाळते. आतलंच मीठ कोन सांभाळन?"

मला घाम फुटला, आणि घाम फुटला की मला राग येतो. "हे तुमचं ठरलेलंच होतं," मी ओरडलो. "तिघं एका गाडीत बसून, बर्फी खाऊन आले. मले काढाचं हाय तं सरळ सांगा. पान्याचं निमित्त कायले पायजे?"

शेडमधले ग्राइंडर थांबले. यार्डचा माणूस बुटांकडे बघू लागला. पोरगी मात्र घाबरली नाही, तिचाही आवाज चढला. मोर्शीचीच ती.

"हो, ठरवून आलो! आधी ठरवत नव्हतो, तवा काय होत होतं माहीत हाय? हे म्हनत रंग वाईट. ते म्हनत यार्ड वाईट. मी म्हनो दोघंबी लपवून राह्यले. कोनीच कोनाले खरं सांगत नव्हतं. अन् तवर तुमचं दार तिकडं सडून राह्यलं होतं, काका. त्याच्या कोपऱ्यात शिक्का कोनाचा हाय? माह्या हातचा हाय."

इंजिनियरने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळला. "त्या दारांच्या पलीकडे माझी माणसं झोपतात," तो म्हणाला. एवढंच. आवाजही चढवला नाही त्याने.

मग ते तिघं कुंपणाजवळच्या लिंबाच्या झाडाखाली जाऊन बोलत उभे राहिले. मी खिडकीतून बघत होतो. कान ठेवा, असं वकील म्हणाला होता, पण तिथवर कान पोचत नव्हते. सर्व्हेअर मान हलवत होती, यार्डवाला फोन दाखवत होता. मी मनात म्हटलं, संपलं. वडिलांनी बनवलेल्या डाळ मिलच्या जुन्या चाळणीचा एक सांगाडा शेडच्या कोपऱ्यात अजून पडून आहे, त्याकडे माझं लक्ष गेलं आणि रडू येईल असं वाटलं.

ते आत आले. शिक्का आज नाही, असं तिने सांगितलं. तयार असलेली सगळी दारं गोड्या पाण्याने धुवायची, वाळवायची आणि गोड्या पाण्यानेच पुन्हा तपासायची, मग बोलावायचं. जहाजांवर गेलेली दारं जहाज दुरुस्तीला येईल तेव्हा खरवडायची, त्यासाठी माझी माणसं पाठवायची. आणि नव्या नियमात पाण्याबद्दल एक ओळ घालायची. तिघांच्याही जुन्या नियमांत पाण्याचा दाब होता, नळीचं अंतर होतं, पण पाणी कसं असावं हे कोणीच लिहिलं नव्हतं. कारखान्यात तपासणीच्या नळाला खारं पाणी येत असेल, हे समुद्राकाठच्या माणसांना कुठून सुचणार?

गाडी गेल्यावर बायकोने ते तीन ग्लास उचलले. "जलमात पयल्यांदा तुमचा हलकटपना कामी आला," ती म्हणाली. "कॅनचं देल्लं असतं तं आनखी किती वर्स सापडलं नसतं." रात्री वकिलाचा फोन आला. "बोरिंगचं कायले सांगतलं तुमी?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

पुढचे दिवस मी टँकरच्या मागे होतो. उन्हाळ्यात गोड्या पाण्याचा टँकर लोखंडावर ओतायला मागणं सोपं नसतं. पहिला टँकर आला तेव्हा मागच्या वस्तीतल्या बाया रिकाम्या कळशा-गुंड घेऊन फाटकापाशी जमल्या, आणि दारावर फवारा चालू झाल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला चांगली ओळखीची होती. एवढं पाणी हा कोणाला विकतो, हेच त्यांच्या डोळ्यांत होतं. मी मोटर बंद केली. आधी त्यांचे गुंड भरून दिले, उरलेल्यात दारं धुतली.

तिघं पुन्हा आले. पुन्हा एकाच गाडीतून. बायको कॅनचं पाणी घेऊन फाटकापर्यंत सामोरी गेली. शेडमध्ये दारं ओळीने उभी होती. खडू झाला, फवारा झाला. तिने बोट फिरवलं, बोट स्वच्छ होतं.

मला वाटलं, आता पाण्याचं विचारतील. विचारायलाच हवं. मी तयारीतच होतो. टँकरच्या नळीतून एक ग्लास भरला आणि तिच्यापुढे धरला. "चाखून पाहा," मी म्हणालो. "गोडं हाय. तुमच्या डोळ्यासमोर भरलं."

तिने ग्लासकडे पाहिलंसुद्धा नाही. "राहू द्या, काका. तुमी म्हन्ता ना गोडं हाय?"

"म्हन्तो."

"मंग झालं."

मी ग्लास इंजिनियरपुढे धरला. त्यानेही हात हलवून नको म्हटलं. तिने खिशातून शिक्का काढला, चौकटीच्या कोपऱ्यावर टेकवला आणि हातोडी मारली. मग पुढच्या दाराकडे गेली. मी ग्लास घेऊन तिथेच उभा राहिलो. पन्नाशी उलटलेल्या या माझ्या आयुष्यात कोणी माझ्या नुसत्या शब्दावर असा विश्वास टाकला, आणि मी कोणाच्या शब्दावर असा टाकला, हे आठवून बघत होतो. काही आठवलं नाही.

तिची पाठ वळल्यावर तो ग्लास मीच तोंडाला लावला. टँकरवाल्याचा काय भरवसा?

पाणी गोडंच होतं.